कमळ आणि कुमुद : सपुष्प वनस्पतींच्या कुलनिर्णयातील एक प्रकरण

एकाच तळ्यात दोन वनस्पती वाढतात. दोहोंचे मूलक्षोड चिखलात रुतलेले असते, दोहोंचे देठ लांब व आतून हवेच्या नळ्यांनी पोखरलेले असतात. पाने वाटोळी, फुले मोठी, पुष्कळ पाकळ्यांची आणि एकेकटी येणारी. अशा दोन वनस्पती एका कुलात घालावयास संकोच वाटण्याचे कारण वरवर पाहता दिसत नाही, आणि दोनशेहून अधिक वर्षे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांना तो वाटलाही नाही. लिनीअसने १७५३ साली तर कमळाला कुमुदाच्याच वंशात घालून ‘निंफिया नेलुंबो’ असे नाव दिले. पुढे १७६३ मध्ये आदांसाँने कमळाचा ‘नेलुंबो’ हा वंश वेगळा केला. हा शब्द सिंहली भाषेतील ‘नेळुम्’ या कमळवाचक शब्दावरून आलेला आहे. परंतु वंश वेगळा झाला तरी कुल एकच राहिले. बेंथॅम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या महाग्रंथात कमळ कुमुदकुलातच आहे, आणि त्याच पद्धतीवर रचलेल्या भारतीय वनस्पतींच्या जुन्या सूचींतून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हेच शिकत आले. १९८१ साली क्रॉन्क्विस्टने कमळाला स्वतंत्र कुल दिले, तरी गण कुमुदाचाच ठेवला. म्हणजे घर वेगळे झाले, वाडा तोच राहिला.

आज मात्र कमळ कुमुदाच्या गणातही नाही. त्याचे जिवंत आप्त म्हणजे काश्मीरमधील चिनार आणि महाराष्ट्रातील बागांतून व रस्त्यांच्या कडेने लावला जाणारा, मूळचा ऑस्ट्रेलियातील, सिल्व्हर ओक. दल सरोवरात कमळे फुलतात आणि काठावर चिनार उभे असतात. त्या पाण्यातील कुमुदापेक्षा काठावरचा वृक्ष कमळाला जवळचा, असे हे विधान आहे. विधान इतके अनपेक्षित आहे की ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा किती पेलतो, हे पाहिल्याखेरीज ते स्वीकारणे योग्य नव्हे. सपुष्प वनस्पतींची कुले ठरविताना आकारविज्ञान आणि जनुकविज्ञान यांचा एकमेकांशी संबंध काय, हा सामान्य प्रश्नही या एका प्रकरणात चांगला उलगडतो.

प्रथम नावांविषयी थोडेसे. ‘कमळ’ या शब्दाखाली आजच्या मराठीत दोन्ही वनस्पती येतात. फुलबाजारात कमळ म्हणून जे मिळते ते पुष्कळदा कुमुदच असते. संस्कृत कोशकारांचा व्यवहार याहून काटेकोर होता. अमरकोशाच्या वारिवर्गात पद्म, नलिन, अरविंद, कमल ही नावे एकीकडे, तर कुमुद, कैरव, उत्पल, कुवलय, इंदीवर ही नावे दुसरीकडे आहेत. एवढेच नव्हे, तर कुमुदादिकांच्या कंदाला ‘शालूक’ आणि पद्माच्या कंदाला ‘करहाट’ असे निरनिराळे शब्द तेथे दिले आहेत. (कऱ्हाडच्या ‘करहाटक’ या प्राचीन नावाशी याचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) पद्माच्या फुलातील बीजकोशाला ‘वराटक’ असा खास शब्द आहे. याचा अर्थ प्राचीनांना वनस्पतिकुलांचे ज्ञान होते असा मुळीच नाही. त्यांनी दोन्ही वनस्पती पाण्यात वाढतात म्हणून एकाच वर्गात घातल्या, आणि पद्माला ‘महोत्पल’ म्हणजे मोठे उत्पल असेही एक नाव दिलेच. मात्र त्यांनी जे अवयव वेगळ्या शब्दांनी टिपले, त्यांत बीजकोश नेमका आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्याच्याच आसपास फिरावयाचे आहे.

कमळाचे पान पूर्ण वाटोळे असून देठ त्याच्या मध्यभागी जोडलेला असतो. बहुतेक पाने पाण्याच्या वर उचललेली असतात. कुमुदाचे पान सामान्यतः पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत गेलेली खाच असते. पण पानांवर कुल ठरत नाही. फुलाच्या मध्याकडे पाहिले म्हणजे भेद गंभीर होतो. कमळात पुष्पासन उलट्या शंकूसारखे फुगीर असते आणि त्याच्या सपाट माथ्यावरील खळग्यांतून एकेक सुटे किंजदल बसलेले असते. प्रत्येक किंजदलात सामान्यतः एकच बीजांड; त्याचे पुढे कठीण कवचाचे फळ होते. यावरूनच ‘न्युसिफेरा’, म्हणजे कवचफळे धारण करणारे, हे जातिनाम आले. कुमुदात किंजदले परस्परांशी जुळून एकच किंजपुट बनते, फुलाचा देठ वळून फळ पाण्याखाली पिकते, आणि त्यात असंख्य बारीक बिया असतात. बीज उघडून पाहिले तर अंतर आणखी वाढते. कमळाच्या पक्व बीजात अन्नसाठा जवळजवळ सगळा गर्भाच्या जाड दलिकांत असतो आणि मधला कोंब हिरवागार असतो. कुमुदाच्या बीजात गर्भ अगदी लहान, आणि अन्नसाठा परिपुष्कात, म्हणजे मातृवनस्पतीच्या बीजांडातील ऊतकात असतो. बाजारात मिळणारा मखाना कमळाचे बीज आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो मिथिलेत पिकणाऱ्या, कुमुदकुलातील ‘युरिएली’ या काटेरी वनस्पतीचा असतो, आणि भाजल्यावर फुलते ते तिचे पिठूळ परिपुष्क होय. कमळाच्या बीजात हा साठाच नसल्यामुळे त्याचा तसा मखाना होऊ शकत नाही.

हे भेद जुन्या शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते असे नाही. बेंथॅम-हूकर यांच्या काळीही ते नोंदलेले होते. मग कुल एक का राहिले? कारण भेदांची बेरीज करून आप्तभाव ठरत नाही, तसा साम्यांची बेरीज करूनही ठरत नाही. कोणते साम्य मोजावयाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भाषाशास्त्राने वनस्पतिशास्त्राच्या बरेच आधी शोधलेले होते. मराठीत भाषांनाही ‘कुल’ आहे आणि वनस्पतींनाही. हा केवळ शब्दसाम्याचा योग नव्हे. श्लायखरने भाषांचे वंशवृक्ष काढले आणि १८६३ साली डार्विनच्या सिद्धान्ताचा भाषाशास्त्राशी असलेला संबंध दाखविणारे अनावृत पत्र हेकेलला लिहिले. १८७६ मध्ये लेस्कीनने असा आग्रह धरला की दोन भाषांची विशेष जवळीक त्यांनी जतन केलेल्या जुन्या गोष्टींवरून नव्हे, तर दोघींनी मिळून केलेल्या नव्या बदलांवरून सिद्ध होते. मराठी, गुजराती आणि कोंकणी या भाषांत नपुंसकलिंग टिकले आहे व हिंदीत ते लोपले आहे. पण एवढ्यावरून पहिल्या तिघींचा स्वतंत्र उपगट मानता येत नाही. तो पूर्वजांचा ठेवा आहे, आणि ठेवा कोणाजवळही उरू शकतो. वनस्पती व प्राणी यांच्या वर्गीकरणात हेच तत्त्व हेनिगने १९५० साली पद्धतशीरपणे मांडले.

ठेव्याखेरीज आणखी एक साम्य फसवे असते, ते संगतीतून आलेले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कानडी आणि उर्दू या भाषा शतकानुशतके एकत्र नांदत आल्या. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की तेथील या भाषांची वाक्यरचना इतकी जुळून आली आहे की एकीतील वाक्य जवळजवळ घटकामागून घटक बदलून दुसरीत उतरविता यावे. तरीही शब्दांची व प्रत्ययांची ध्वनिरूपे ज्याच्या त्याच्या कुलाची राहिली. कानडी द्राविडच आहे, मराठी आर्यच. भाषांच्या बाबतीत जे शेजाराने केले, ते कमळ व कुमुद यांच्या बाबतीत पाण्याने केले आहे. हवेच्या नळ्या, वाटोळी पाने, लांब देठ ही पाण्यात राहण्याची किंमत आहे. उपमा मात्र येथेच थांबवावी लागते. कुपवाडच्या भाषांनी एकमेकींपासून उचल केली. कमळाने कुमुदापासून काही घेतलेले नाही, दोघांनी एकाच अडचणीवर स्वतंत्रपणे सारखे उपाय काढले.

आता या दुहेरी गाळणीतून कमळ व कुमुद यांची साम्ये घालून पाहावीत. जलवासाची लक्षणे संगतीच्या खाती जातात. पुष्कळ सुटी केसरदले हे लक्षण इतक्या निरनिराळ्या जुन्या शाखांत आढळते की विशेष जवळिकीच्या बाजूने त्याचे वजन फारसे पडत नाही. शिल्लक उरते ते फार थोडे. उलट परागकण पाहिले तर एक निर्णायक लक्षण हाती लागते. कुमुदाच्या परागकणाला एकच खाच असते. कमळाच्या परागकणाला तीन. एक खाच हा सपुष्प वनस्पतींचा जुना ठेवा असून तो एकदलिकितांत व अनेक प्राचीन शाखांत दिसतो. म्हणून कुमुद कोणाच्या जवळचे हे त्यावरून कळत नाही. तीन खाचा हा मात्र नवा बदल आहे. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तो जीवाश्मरूपाने प्रथम दिसू लागतो, आणि आज द्विदलिकितांच्या त्या प्रचंड शाखेची ती खूण आहे जिच्यात मोहरीपासून सूर्यफुलापर्यंत बहुसंख्य द्विदलिकित मोडतात. एका सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने कमळ या शाखेत आणि कुमुद तिच्या बाहेर असे म्हणता येत होते. काहींनी तसे म्हटलेही. पण तळ्यातील त्या दोन फुलांचे डोळ्यांना दिसणारे साम्य परागकणाच्या साक्षीपेक्षा बलवत्तर ठरले.

जनुकांचा पुरावा या वादात १९९०च्या सुमारास आला. हरितकणूत स्वतःचे जनुकद्रव्य असते. कार्बन डायॉक्साइड बांधणाऱ्या विकराचा मोठा घटक ज्यावरून बनतो ते ‘आरबीसीएल’ नावाचे जनुक त्यात असून त्याची लांबी सुमारे १,४०० अक्षरे आहे. अक्षरे म्हणजे चार रासायनिक घटक; त्यांचा क्रम वाचावयाचा, निरनिराळ्या वनस्पतींतील क्रम एकाखाली एक मांडावयाचे आणि कोणत्या जागी कोणते बदल कोणाकोणात समान आहेत ते पाहावयाचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकरांनी पोथ्यांचे वंश लावले, त्याची येथे आठवण होणे साहजिक आहे. एकाच ठिकाणी तोच मागाहून आलेला पाठ असलेल्या पोथ्या एका मातृकेकडे बोट दाखवितात; मूळ पाठ राखणाऱ्या पोथ्यांविषयी तसे म्हणता येत नाही. कमळाच्या जनुकात जे ‘पाठभेद’ सापडले ते कुमुदाशी जुळले नाहीत. १९९१ मध्ये लेस व त्याचे सहकारी यांनी जलवासी वनस्पतींच्या या जनुकाचा अभ्यास करून दोन्ही शाखा परस्परांपासून फार दूर असल्याचे दाखविले. १९९३ साली चेस व इतर एक्केचाळीस लेखकांनी ४९९ बीजी वनस्पतींचा एकत्रित वृक्ष प्रसिद्ध केला. त्यात कमळ चिनार व सिल्व्हर ओक यांच्या कुलांशेजारी होते.

येथे विश्वासाबरोबर संशयही आवश्यक आहे, कारण त्याच १९९३च्या वृक्षात एक ठळक चूक होती. पाण्यात बुडून राहणारी ‘सेरॅटोफायलम’ ही मुळे नसलेली वनस्पती त्यात सर्व सपुष्प वनस्पतींच्या अगदी तळाशी, सर्वांत आधी फुटलेली शाखा म्हणून आली होती. पुढे अधिक जनुके पाहिल्यावर ती तेथून हलवावी लागली. अशा चुकीचे एक कारण फेल्झेनस्टाइनने १९७८ सालीच दाखवून ठेवले होते. जी शाखा दीर्घकाळ एकटी राहिली तिच्यात बदल पुष्कळ साचतात. अक्षरे चारच असल्यामुळे अशा दोन लांब शाखांत योगायोगाने सारखे बदल पडतात, आणि गणित त्या योगायोगालाच आप्तभाव समजते. दूरच्या दोन भाषांतील आखूड शब्द शेजारी ठेवले की ‘साम्य’ सापडते, हा अनुभव भाषाशास्त्रज्ञास नवा नाही. या दोषावर त्याच जातीचा अधिक पुरावा गोळा करणे हा उपाय नव्हे. त्याने चूक उलट अधिक ठाम होते. लांब शाखा मध्ये तोडणाऱ्या जाती मिळवून मांडणे आणि निरनिराळ्या साठ्यांतील जनुके ताडून पाहणे हे उपाय होत. हरितकणू हे बहुधा मातेकडूनच येतात, त्यामुळे त्यांचा वृक्ष हा एका बाजूचाच वृत्तांत असतो, हेही विसरता कामा नये.

आता कमळाची शाखा लांब आहे. त्या वंशात आज दोनच जाती उरल्या आहेत, एक आशिया व उत्तर ऑस्ट्रेलियातील आणि दुसरी पिवळ्या फुलांची उत्तर अमेरिकेतील. चिनाराची शाखाही लांब आहे. तेव्हा त्यांचे सान्निध्य हाच तर योगायोगाचा खेळ नसेल ना, ही शंका न्याय्य होती. ती १९९९ पासूनच्या कामाने बऱ्याच अंशी फिटली. त्या वर्षी हरितकणू, कलकणू आणि केंद्रक या तिन्ही साठ्यांतील जनुके एकत्र तपासण्यात आली. न्यू कॅलिडोनियातील ‘अँबोरेला’ हे झुडूप व त्यानंतर कुमुदगण हे सपुष्प वृक्षाच्या तळाशी आले. यांतील पहिली फूट नेमकी कशी पडली याविषयी थोडा वाद पुढेही राहिला, परंतु कमळ तेथे कोठेही नव्हते. २०१३ मध्ये कमळाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केंद्रकातील ३५३ जनुके व साडेनऊ हजार जाती यांवर आधारलेल्या वृक्षातही कमळाचे स्थान बदलले नाही. स्वतंत्र साक्षीदार एकच हकीगत सांगू लागले म्हणजे ती मानावी लागते.

तरीही आकारविज्ञानाच्या अभ्यासकाची एक तक्रार उरते आणि ती रास्त आहे. कुमुदापासून कमळ वेगळे, हे फळ, बीज व पराग यांवरून डोळ्यांना पटते. पण चिनाराशी त्याचे नाते कोणत्या लक्षणात पाहावयाचे? किंजदलात एक-दोनच बीजांडे आणि पक्व बीजात अल्प पुष्क, एवढे दाखविता येते, आणि ते फारसे नाही हे कबूल केले पाहिजे. याचे उत्तर मधल्या दुव्यांच्या नाशात आहे. चिनारकुलाचे जीवाश्म क्रिटेशस काळात विपुल असून त्यांतील काहींची फुले आजच्या चिनाराच्या वाऱ्याने परागित होणाऱ्या फुलांहून बरीच वेगळी, कीटकांना आकर्षित करणारी अशी होती. कमळासारख्या पानांचे जीवाश्मही सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे मिळतात. दोन्ही टोके इतकी दूर गेलेली आहेत की मधला प्रदेश जिवंत वनस्पतींवरून उभा करता येणे शक्य नाही.

प्रत्येक प्रकरणात जनुकेच पुढे असतात असे मात्र समजू नये. साग व निर्गुडी जुन्या ग्रंथांत ‘व्हर्बिनेसी’ कुलात आहेत. आज ती तुळशीच्या कुलात गणली जातात. हा बदल जनुकांनी पक्का केला, परंतु त्याची दिशा युनेलने १९३४ मध्येच किंजमंडलाच्या सूक्ष्म रचनेवरून दाखविली होती.

वृक्ष निश्चित झाला तरी कुल कोठे संपते हे वृक्ष सांगत नाही. १९९८ साली ‘अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप’ने आपली पहिली वर्गवारी प्रसिद्ध केली तेव्हा कमळ, चिनार व सिल्व्हर ओक यांची तीन कुले एका गणात होती. २००३च्या दुसऱ्या आवृत्तीत चिनाराला सिल्व्हर ओकच्या कुलात मिसळण्याची मुभा दिली गेली, आणि २००९च्या तिसरीत ती काढून घेण्यात आली. या बदलात वनस्पतींविषयी नवे असे काही कळले नव्हते. रेघ कोठे ओढावी एवढाच प्रश्न होता. भाषा कोणती आणि बोली कोणती या वादाचे स्वरूप याहून वेगळे नाही. २०१६च्या चौथ्या आवृत्तीत एकूण ६४ गण व ४१६ कुले आहेत. यांतील कुलसंख्येला निसर्गाचे तथ्य समजण्याची चूक विद्यार्थ्यांकडून वारंवार होते. तथ्य आहे ते शाखांच्या क्रमात. संख्या ही सोयीची आहे.

कमळ गेल्यामुळे कुमुदाचा गण रिता झाला नाही; उलट त्यात एक पाहुणा आला, आणि तो कोकणातला आहे. एस. आर. यादव व एम. के. जनार्थनम यांनी १९९४ साली कोकणातून ‘ट्रायथुरिया कोंकणेन्सिस’ ही नवी जाती वर्णिली. गवताच्या लहानशा झुबक्यासारखी, बोटभर उंचीचीही नसलेली ही वनस्पती. तिचे इतर आप्त ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे. त्या वेळी तिचे कुल एकदलिकितांत, गवतांच्या आसपास मानले जाई. २००७ मध्ये जनुकांच्या आधारे ते कुमुदगणात हलविण्यात आले. पाने रेषेसारखी, फुले इतकी साधी की त्यांना फूल म्हणावे की फुलोरा याविषयी मतभेद. कुमुदाशी साम्य म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण बीज फोडले की आत पिठूळ परिपुष्क आहे, मखान्यात असते तसेच. २००२ मध्ये कुमुदकुलातील ‘न्यूफर’ या वंशात असे दिसून आले होते की भ्रूणकोश नेहमीच्या सात पेशींचा नसून चारच पेशींचा असतो आणि पुष्क त्रिगुणित नसून द्विगुणित असते. तसाच चार पेशींचा भ्रूणकोश २००८ साली या गवतसदृश वनस्पतींच्या कुलातही सापडला. कमळाचा भ्रूणकोश सात पेशींचा आहे.